सिंहाच्या पाठीवरचे आकडे

२००६ साली शोभना अमेरिकेत, डॅलसजवळच्या प्लेनोतल्या एका छोट्या आर्किटेक्चर ऑफिसात नोकरीला होती. पुण्यात जुन्या वास्तूंचं जतन शिकलेली; इथे मात्र श्रीमंतांचे बंगले. एका क्लायंटने स्विमिंग पूलजवळच्या कारंज्यासाठी एका डीलरकडून पंखांचा दगडी सिंह आणवला होता. ती माप घ्यायला गेली, तर सिंहाच्या पाठीवर लाल रंगात ‘ट्रोगिर’ आणि खाली पाच आकडे.

असे आकडे संग्रहालयवाले घालतात, हे ती ओळखून होती. ट्रोगिर म्हणजे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं, पुलांनी जमिनीला जोडलेल्या बेटावरचं जुनं दगडी शहर.

तिने बॉसला, नागपूरच्या संजयला, सांगितलं.

“ते ग्राइंड करायला सांग ना. ड्रॉइंगवर तशी नोट टाक.”

“संजय, हा चोरीचा माल आहे.”

“तिकडे नव्वदच्या दशकात युद्ध झालं, सगळं विखुरलं. आपण रेस्क्यू केलं समज.”

“रेस्क्यू? गावाचा सिंह उचलून स्विमिंग पूलजवळ बसवायचा, याला रेस्क्यू म्हणतात? उद्या आपल्या देवळातली मूर्ती इथे कोणाच्या बारमध्ये दिसली, तर तिच्यावरही ग्राइंडर चालवशील?”

“तुझा व्हिसा माझ्या कंपनीवर आहे,” संजय शांतपणे म्हणाला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. देवदत्त हादरला. “ग्रीन कार्डचं चालू आहे, यार. एका दगडासाठी?”

“दगड राहू दे. त्या गावाचं नाव माझ्या हाताने पुसायला सांगतोय तो!”

तिने फोटो वॉशिंग्टनच्या क्रोएशियन दूतावासाला पाठवले. तीन आठवड्यांनी कस्टम्सचे अधिकारी सिंह घेऊन गेले. त्याच दुपारी संजयने तिला काढलं. धावपळ करून डॅलसमध्ये नोकरी मिळाली, पण ग्रीन कार्डची रांग पुन्हा पहिल्यापासून. देवदत्त कित्येक दिवस धड बोलला नाही.

पुढच्या वसंतात ट्रोगिरच्या एका संग्रहालयातल्या बाईंचं पत्र आलं. सिंह पोचला होता. युद्धाच्या धामधुमीत गोदामातून चार शिल्पं गेली होती. तीन अजून बेपत्ता. त्यांचे फोटो सोबत होते.

आभाराच्या ओळी शोभनाने एकदाच वाचल्या. ते फोटो मात्र ती बघतच राहिली.

“तीन!” ती संतापून म्हणाली. “म्हणजे आणखी तीन घरांत लोक ती बघत निवांत बसलेत.”

देवदत्तने पत्र हातात घेऊन नीट वाचलं. मग लॅपटॉप उघडला आणि विचारलं, “त्या डीलरचं नाव काय होतं?”