मोठ्या बाईंच्या शाळेतली खाडाखोड

एकोणीसशे अडुसष्ट साल होतं. मुलींच्या त्या शाळेत शेवटच्या वर्गात एकतीस जणी होत्या, आणि त्यांतल्या शिंप्याच्या थोरल्या मुलीला सगळ्या ‘मोती’ म्हणत. रंगावरून नव्हे, अक्षरावरून. शाळेतून बाहेर जाणारं पत्र असो, दाखला असो, मुख्याध्यापिका तो तिच्याकडूनच उतरवून घेत. त्यांना शाळा ‘मोठ्या बाई’ म्हणे. त्यांचा एक नियम होता: खाडाखोड झालेला कागद शाळेचा उंबरठा ओलांडणार नाही. बावीस वर्षांत एकही ओलांडला नव्हता.

परीक्षेला दोन महिने उरले असताना विद्यापीठातून एक तरुण बाई आली. शाळा संपल्यावर मुली पुढे काय शिकतात, ते कोण ठरवतं, स्वतः कमवावं असं त्यांना वाटतं का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिनं छापील प्रश्नांच्या कागदांचा गठ्ठा ठेवला.

“नाव घालू नका. मनात येईल ते लिहा. शुक्रवारी मी येऊन घेऊन जाईन.”

पहिलाच प्रश्न होता, पुढे काय शिकायचं आहे? मोतीनं झटक्यात लिहिलं, ‘नकाशे काढायला.’ शहरात दोन वर्षांचा तो अभ्यासक्रम होता, हे तिला भूगोलाच्या बाईंकडून कळलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शाईची एक रेघ ओढली की तिला वाटे, नकाशात नदी अशीच निघत असेल. मग तिला डोळ्यांपुढे बाबांचं दुकान दिसलं. तिनं ते शब्द खोडले आणि खाली लिहिलं, ‘शिवणकाम, घरीच.’

मोठ्या बाईंनी कागद चाळले आणि कपाळाला हात लावला.

“हे काय कोंबडीचे पाय! हे विद्यापीठात जाणार? लोक म्हणतील, बाईंनी बावीस वर्षं माशा मारल्या. मोती, बस. कोरे कागद उरलेत, सगळे नीट उतरवून काढ.”

नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायच्या खोलीत मोती तीन दुपारी बसली. पहिल्याच कागदावर तिचा हात अडला. कुणीतरी ‘डॉक्टर’ लिहून खोडलं होतं आणि वर ‘बाबा म्हणतील ते’ लिहिलं होतं. दुसरीनं ‘मोटार चालवायला शिकेन’ यावर इतक्या जोरानं रेघ मारली होती की कागद फाटला होता. त्या अक्षराची मालकीण मोतीच्याच बाकावर बसायची आणि दिवसभर खिदळायची. तिनं कधी मोटारीचा म सुद्धा काढला नव्हता.

नीट उतरवायचं म्हणजे काय? मोती थोडा वेळ टाक हातात धरून बसली. मग तिनं खोडलेलंच उतरवायला घेतलं. एकतीसच्या एकतीस. आपल्या कागदावरही ‘नकाशे काढायला’ असंच लिहिलं, आणि त्या दोन शब्दांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

शुक्रवारी संशोधक बाईंनी गठ्ठा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

“बाई, हे एकाच हाताचं आहे. मला हे वापरता येणार नाही. मूळ कागद आहेत का?”

मोठ्या बाईंनी कपाटातून मूळ कागद काढले, जरा लाजतच. दोघी टेबलावर ताडून पाहू लागल्या. थोड्या वेळानं मोतीला बोलावणं आलं.

“अगं, तू चुकीचं उतरवलंस!” मोठ्या बाई म्हणाल्या. “इथं ‘बाबा म्हणतील ते’ आहे आणि तू ‘डॉक्टर’ लिहिलंयस.”

“चुकलं नाही, बाई. आधी जे लिहिलं होतं तेच घेतलं.”

संशोधक बाई हसल्या नाहीत. “मला हवी होती ती हीच खाडाखोड,” त्या म्हणाल्या आणि मूळ कागद जपून पिशवीत घातले.

मोतीनं उतरवलेले कागद मोठ्या बाईंनी गोळा केले. मग विचारलं, “यात तुझा कुठला होता?” मोतीनं सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्या दुकानात आल्या.

“पोरीला शहरात पाठवा. फी माफ करून घेते. राहील माझ्या बहिणीकडे.”

“बसा तरी, बाई,” बाबा म्हणाले. “माझ्याकडचे कपडे घालता तुम्ही. वर्षभरात एक टाका उसवला?”

“नाही.”

“वर्षभर सगळे हिनंच शिवलेत.” त्यांनी सुई हातात घेतली, दोरा तीनदा नेढ्याशेजारून गेला. “मला आता नेढं दिसत नाही. गिऱ्हाइकाचं नाक दिसतं, म्हणून ओळख तरी पटते. हे बाहेर कळलं तर माप द्यायला कोण येईल? धाकटी अजून लहान. पण मी हिला थांब म्हटलेलं नाही हं. विचारा तिलाच.”

दोघांनी मोतीकडे पाहिलं. तिनं बाबांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

“धाकटीला मशीन जमलं की जाईन,” ती म्हणाली.

“तुझा शहरातला अर्ज माझ्या टेबलात ठेवते,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत निघून गेल्या.

मोतीला रोज वाटे, आज धाकटीचा हात बसला. धाकटीचा हात काही बसला नाही, डोकं मात्र चाललं. तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि तिनं ते खोडलं नाही. ती शिकायला निघाली तेव्हा मोतीनंच तिची ट्रंक भरली.

संशोधक बाईंचं पुस्तक निघालं. त्यांच्या पुढच्या कागदांवर वर एक ओळ छापलेली असे: खोडलं तरी चालेल, पण वाचता येईल असं खोडा. मोटार चालवायची स्वप्नं पाहणारी लग्न होऊन दूर गेली; तिचं पुढं काय झालं, कुणाला माहीत नाही. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले, शेवटी शेवटी नुसत्या बोटांनी चाचपून काजं करत. धाकटी पुढं एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. मोतीचं दुकान वाढलं. तिघी मुली कामाला असतात आणि प्रत्येकीचा पगार तिच्याच हातात पडतो, बापाच्या नाही.

मोठ्या बाई चौऱ्याहत्तर साली निवृत्त झाल्या. टेबल रिकामं करताना त्यांनी मोतीकडे एक लखोटा पाठवला. आत नकाशांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज होता, मोठ्या बाईंच्या हातचा, पूर्ण भरलेला. फक्त सालापाशी अडुसष्ट खोडून एकोणसत्तर केलं होतं, एकोणसत्तर खोडून सत्तर, असं करत थेट चौऱ्याहत्तरपर्यंत. शेजारी आणखी चार-पाच सालं मावतील एवढी जागा होती.

मोतीनं तो अर्ज मशीनच्या खणात ठेवला. आजही आहे.