दोन ठोक्यांमधलं अंतर

तीन पूर्णांक आठ सेकंद. आकडा चुकीचा होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वृषभ मगदूम यांचा पत्र्याचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. तिथल्या, पत्रा ठोकून त्याचे भाग पाडणाऱ्या चार पॉवर प्रेसचे ठोके मोजणारं सॉफ्टवेअर बनवायचं काम २००१ साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीला मिळालं आणि ते माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. सगळं एकदम लिहायचं नाही, हे मी हट्टानं ठरवून घेतलं होतं. आधी चित्र काढायचं, त्यातला लहानसा भाग लिहायचा, तो कारखान्यात चालवून बघायचा, जे कळेल त्यानं चित्र दुरुस्त करायचं आणि पुढची आवृत्ती लिहायची. दर तीन आठवड्यांनी मी नवी फ्लॉपी पर्समध्ये घालून कागलची एसटी धरत असे.

चित्र माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चार्टपेपरवर होतं. प्रेसच्या अवस्था चौकटींत लिहिलेल्या: बंद, तयार, ठोका, डाय बदल, म्हणजे साचा बदलणं. चौकटींमधून बाण. ‘तयार’कडून ‘ठोक्या’कडे जाणाऱ्या बाणावर मी लिहिलं होतं, ‘दोन्ही बटणं दाबली’. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. म्हणजे ठोका पडताना माणसाचे दोन्ही हात बाहेर असतात. शेजारच्या कागदावर सॉफ्टवेअर वापरणारी, काड्यांनी काढलेली दोन माणसं होती: मालक मगदूम आणि सुपरवायझर गणपतराव. प्रेसवर काम करणारा ऑपरेटर सॉफ्टवेअर वापरत नव्हता, म्हणून त्याला माणूस काढायचं कारण नव्हतं. तो प्रेसच्या चौकटीत एक क्रमांक होता.

सुरुवातीलाच मी स्टॉपवॉच घेऊन दोन नंबरच्या प्रेसजवळ बसले होते आणि शंभर ठोके मोजले होते. दोन ठोक्यांमध्ये सरासरी सहा पूर्णांक एक सेकंद, सगळ्यात कमी पाच पूर्णांक चार. आणि आता कारखान्यातून फ्लॉपीवर आलेली त्याच प्रेसची नोंद सरासरी तीन पूर्णांक आठ दाखवत होती.

ठोका मोजणारं सेन्सर एका ठोक्याला दोनदा खूण देत असेल, असं आधी वाटलं. पण मग मध्येच अगदी बारीक, पाव सेकंदाची अंतरं दिसायला हवी होती. तशी एकही नव्हती. सगळी अंतरं सारखीच आखडली होती. कधीपासून, ते शोधलं. अकरा कामाच्या दिवसांपूर्वी, मंगळवारपासून. त्या मंगळवारी मी तिसरी आवृत्ती बसवली होती. म्हणजे चूक तिसऱ्या आवृत्तीतली आणि माझीच. पण तिसऱ्या आवृत्तीत नवं असं एकच होतं: शॉपच्या भिंतीवर एक मॉनिटर आणि त्यावर ऑपरेटरांची नावं, ठोक्यांच्या उतरत्या क्रमानं. मोजणीला मी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला मी कागलला पोचले. दोन नंबरवर कृष्णात होता. गारगोटीजवळच्या गावातून रोज येणारा, पंचविशीतला, हंगामी. मॉनिटरवर त्याचं नाव सगळ्यात वर होतं.

“काय मॅडम, नवी फ्लॉपी?” मान न वळवताच त्यानं विचारलं.

“चूक शोधायला आलेय. तुमचे ठोके जास्त दिसताहेत.”

“दिसत्यात न्हवं, हायतच.”

मी घड्याळ सुरू केलं. तीन पूर्णांक सात. तीन पूर्णांक नऊ. सॉफ्टवेअर बरोबर होतं. मला क्षणभर बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मग मी त्याच्या हातांकडे बघितलं.

उजवा हात बटणावर होता. डाव्या बटणावर कोणाचाच हात नव्हता. त्यावर लाकडाची पाचर ठोकून सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधली होती. डावा हात डायच्या आत होता. पत्रा ठेवत होता, भाग उचलत होता, निघत होता. वरून डाय यायची. हात पुन्हा आत.

माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं.

“थांबवा,” मी म्हणाले.

“शिफ्ट हाय की, मॅडम.” पण त्यानं थांबवलं. “एवढं काय घाबरतासा? चारातल्या तिघांनी बांधलंय. महिनाअखेरीला वरल्या दोघास्नी कायम करणार हायत मालक. तुमच्या त्या टीव्हीवरनं.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

मी मगदूमांना केबिनमधून बोलावून आणलं. ते पाचरीसमोर उभे राहिले. मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या सुपरवायझरला हळू आवाजात म्हणाले, “गणपतराव, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“समद्यांस्नीच ठाऊक हाय. शनवारी तुमीच पाठ थोपाटलीसा की त्येची.”

मगदूमांनी ट्यूब स्वतः सोडली. चारी प्रेस बंद करायला लावल्या, मॉनिटरची वायर ओढून काढली. एक बटण दाबलेलंच राहिलं तर प्रेस चालूच होणार नाही, अशी जोडणी वायरमनकडून करून घेतल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही, असं त्यांनी गणपतरावांना बजावलं. “आणि कायम करायचं ते ठोक्यावर नाही. मी बघतो कसं ते,” असं म्हणून ते आत गेले.

“बघतो म्हणं,” कृष्णात पुटपुटला. “म्हंजे झालंच. अकरा दिस पयला हुतो मी. आता खूष न्हवं तुमी?”

भिंतीवरून उतरवून आणलेल्या चित्राची घडी पिशवीतून काढून मी त्याच्यासमोर बाकावर पसरली. इतक्या आठवड्यांत हे चित्र प्रेस चालवणाऱ्या एकाही माणसाला मी दाखवलं नव्हतं.

“यात काय चुकलंय ते सांगाल?”

त्यानं रागानंच बघितलं. मग ओणवा झाला. बाणांवरून बोट फिरलं आणि ‘ठोक्या’शी थांबलं.

“हितं पत्रा अडकतुया त्ये कुठाय?”

“कुठं अडकतो?”

“डायमदी. मग नखानं उचकटून काडाय लागतुया. दोनी बटणं मोकळी ठिवली तर टाइम लई जातुया. बांदलं की डावा हात आतच.”

“किती वेळा अडकतो?”

“पन्नासात एकांदा.”

मी पेन्सिलीनं नवी चौकट काढली: पत्रा अडकला. आत बाण आणला. त्यावर काय लिहायचं याचा विचार करताना सवयीनं हिशेब झाला. शिफ्टला साडेचार हजार ठोके. पन्नासात एक, म्हणजे नव्वद. अकरा दिवस. नऊशे नव्वद वेळा बोटं आत.

“काय झालं?” कृष्णातनं विचारलं. “ल्ह्या की.”

त्याचा डावा हात चित्रावर होता, तेलानं काळा. मी त्याची बोटं मोजली. पाच होती. मी पुन्हा मोजली.