वीस सेकंद

पहिल्या दिवशी बिस्किट मला एकतीस वेळा चावला. मी फ्रिजवर कागद चिकटवून मोजत होते.

"मोजल्यानं दात बोथट होतात का?" बाबानं विचारलं.

"कमी होतायत की वाढतायत ते तरी कळेल."

"एवढं शिकवलं तुला, ते यासाठी!"

बिस्किट म्हणजे अकरा आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू. गुरं हाकणारी त्याची जात. गाईच्या टाचेला चावायचं आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे अशी पिल्लं बूट पुढे करून खेळवतात. पिल्लू टाचेला लोंबकळलं की शाबासकी. बाबानं आयुष्यभर तेच केलं होतं. पण आता त्याला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, हातांची कातडी कागदासारखी झाली होती, आणि बुटाला चाललेलं हाताला का चालत नाही, ते पिल्लाला उमगत नव्हतं. तिसऱ्यांदा पट्टी बांधताना नर्सनं बाबाला बजावलं, "नेव्ह, आणखी एक जखम, आणि पिल्लू या घरात राहणार नाही."

शेजारीण मर्ल, म्हणजे चाळीस किलोमीटरवरची, रविवारी येणार होती. गरज पडली तर ती त्याला परत नेणार होती. रविवारीच माझी बस होती, सोमवारपासून नोकरी.

बिस्किटला आईनं निवडलं होतं. मर्लच्या कुत्रीला पिल्लं व्हायच्या आधीच तिनं एक सांगून ठेवलं, नावासकट. "गुरांमागे धावणाऱ्या कुत्र्याला बिस्किट म्हणून हाक मारू? गाई हसतील मला," बाबा म्हणाला होता. पिल्लू घरी आलं तेव्हा आईला जाऊन नऊ दिवस झाले होते.

पिल्लाचं चावणं सोडवायची रीत सोपी होती. पिल्लं एकमेकांत खेळताना एक जास्त जोरात चावलं तर दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून देतं. आपणही तेच करायचं. दात लागले की मोठ्यानं "आऊ!" ओरडायचं, हात सैल सोडायचा, पाठ फिरवायची. वीस सेकंद. मग परत खेळायला हात पुढे करायचा. गुरुवारी माझा आकडा चारवर आला. त्यातलेही दोन नुसते दात टेकवलेले.

बाबाचा आकडा मात्र हलेना. चावलं की तो ओठ घट्ट मिटून बसायचा आणि हात तसाच ठेवायचा.

"बाबा, ओरड ना."

"मी? बैलानं तीन बरगड्या मोडल्या तेव्हासुद्धा ओरडलो नाही मी."

"मग याला कळणार कसं की तुला दुखतंय?"

तो पट्टीचं टोक सरळ करत राहिला. मग म्हणाला, "तुझी आई सात महिने त्या खोलीत आजारी पडून होती, ब्रॉन. एकदा हूं की चूं केलं नाही तिनं. आणि मी या दुधाच्या दातांसाठी बोंबलू?"

शनिवारी त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्त दिसलं. मी मलमपट्टीची पेटी आणली तेव्हा तो म्हणाला, "मर्लला सांग, दोरी घेऊन ये."

रविवारी दुपारी मर्ल आली. बिस्किटला गाडीच्या मागच्या हौद्यात बांधलं.

"काय रे नेव्ह, तोंड असं केलंयस, जसं काही लेकीची पाठवणीच चाललीय."

"लेक नाही, लेक काय... पोरगा आहे तो."

"बरं, मग घरजावई करून घेते. हवा तेव्हा ये भेटायला."

तिनं इंजिन सुरू केलं. बाबा गाडीशी गेला आणि त्यानं हात हौद्यात घातला. बिस्किटनं तो तोंडात धरला, पण आठवडाभर माझ्याशी खेळताना शिकला होता तसा, अगदी हलका, फाटू नये म्हणून ओली कागदी पिशवी उचलावी तसा. मी जवळच होते. दात टेकलेसुद्धा नाहीत.

आणि बाबा ओरडला.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बिस्किटनं झटकन हात सोडला, दोरी पुरेल तेवढा मागे सरकला आणि कान पाडून आमच्याकडे पाठ करून बसला. आठवडाभर मी त्याच्याकडे करत होते तशी.

"चावला?" मर्लनं खिडकीतून मान बाहेर काढली.

मी बाबाचा हात उलटा करून पाहिला. कुठेच काही नव्हतं. "नाही."

"गाडी बंद कर," बाबा म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते, तो ते पुसतही नव्हता. "वीस सेकंद थांब, मर्ल."

तो मोठ्यानं मोजू लागला. अकरावर तो अडखळला, तेव्हा पुढचे आकडे मी मोजले. वीस झाल्यावर त्यानं पुन्हा हात पुढे केला. बिस्किट पोटावर सरपटत आला आणि त्यानं मनगट चाटलं. मर्लनं उतरून दोरी सोडली.

मला बसथांब्यावर तिनंच सोडलं. निघताना बाबा पायरीवर बसला होता, मांडीवर पिल्लू. मी बाबाला जवळ घेतलं तेव्हा तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला, "तुझ्या आईनं एकदा तरी ओरडायला हवं होतं गं. मला कळलं तरी असतं."