चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

बेकरीवाला घरी अगदी मोजूनमापून जेवायचा, तरी दोन महिने वजनाचा काटा जागचा हलेना. शेवटी बायको वही घेऊन बेकरीतच ठाण मांडून बसली. त्याने क्रीम चाखलं, केकची कड तोंडात टाकली, की ती लगेच लिहून घ्यायची. दुपारी तिने बेरीज वाचून दाखवली, "अहो, नऊशे कॅलरी!"

"चव बघणं म्हणजे काय खाणं झालं?"

"पोटाला कुठे कळतंय ते!"

त्याला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून तो चिमूटभरच चाखू लागला आणि जवळपासच्या ऑर्डरी स्वतः चालत, जिने चढून पोचवू लागला. महिन्याभरात तीन किलो उतरले. सैल झालेली पँट एका हाताने सावरत तो बायकोला दाखवायला धावत घरी आला.