नुसत्या पाण्यातली मिठी

मित्रांनो, माझा डोळा अंधारातच उघडतो. थायलंडमधल्या खोन केन शहरातल्या एका प्रयोगशाळेतला मी जुना प्रकाशमापक आहे. झाकण बंद झाले, की मी छोट्या खळग्यांतल्या थेंबांवर एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडतो. थेंबात चमकणारे कण असतात. मोकळा कण गरगर फिरतो, त्याचा उजेड विस्कटून येतो. मोठ्या प्रथिनाने धरलेला कण मात्र जडावतो आणि उजेड सरळ येतो. कोण कुणाच्या मिठीत आहे, एवढेच मला कळते.

संशोधक नारुमोन माझ्यावर काम करी. तिचे वडील भातशेतात साप चावून गेले होते. त्या सापाचे विष कणाला घट्ट धरून बसे. ती पकड ज्याने सुटेल, असे औषध ती शोधत होती. एका वेलीच्या मुळीवर तिची फार आशा होती. पण मुळीचा अर्क घालूनही कण सुटेना.

"कुचकामी आहे ही मुळी," प्रयोगशाळेचे प्रमुख फायरोत सर म्हणाले. "दे फेकून."

त्याच दुपारी माझ्यापुढे नुसत्या पाण्याचा खळगा आला. त्यात विष नव्हते. तरी कण जड होता. मी पुन्हा पाहिले. कुणीतरी त्याला धरले होते.

"ताई, भूत शिरलंय ह्यात!" तिचा सहकारी कोमसान हसला. "दारातल्या देवघरात लाल सरबताचा नैवेद्य ठेव, म्हणजे ते शांत होईल. नाहीतर ह्या म्हाताऱ्याला भंगारात तरी दे."

"हात लावू नकोस त्याला. मी पाणीच घातलंय ना? मग पाण्यातच कुणीतरी आहे."

शुद्ध पाण्याच्या टाकीचे झाकण करकरले. कोमसानचे हसू थांबले.

"ताई... हे हलतंय."

"जंतूंची साय आहे. केवढी माजलीय!"

"आपण सगळं ह्याच पाण्यात करत होतो?"

"म्हणजे मुळीनं सोडवलेला कण ही सायच धरत होती," म्हणत नारुमोनने घासणी उचलली.

टाकी घासली. नवे पाणी आले. आता नुसत्या पाण्यातला कण मोकळा फिरला. मग विष आणि मुळीचा अर्क घातलेला खळगा आला. तिथलाही कण सुटला! नारुमोनने माझ्या झाकणावर हात ठेवला.

"बाबा," ती पुटपुटली, "सोडलं बघा विषानं."

सायीचा एक तुकडा सरांनी अभ्यासासाठी बाटलीत ठेवला आहे. परवा त्यातला थेंब माझ्यासमोर आला. चमकता कण पडताच थेंबातल्या सायीने तो धरला, जणू वाटच पाहत होती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसत जा, पाण्याच्या टाक्या आतून घासत जा. निवळशंख दिसणारे पाणी रिकामे असतेच, असे नाही.