युरिमाचं कासव

पोटासाठी चिलीला गेलेल्या युरिमाचं पाळलेलं कासव नेमकं ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातच कुंपणाखालून पळालं, आणि तिच्या बापाच्या, अन्सेल्मोच्या, पायांखालची जमीन सरकली. ओरिनोको नदीच्या काठी या आठवड्यात खायला मटण चालत नाही, कासव चालतं.

सगळी आळी शोधायला धावली. शेजारच्या दोमितिलाने तर गटारात हात घातले. "पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढलाय, डोळे उघडे ठेवून बघा मेल्यांनो!" म्हणून ती सगळ्यांवर खेकसत होती. कासव काही मिळालं नाही.

गुड फ्रायडेला रिवाजाप्रमाणे घरोघर ताटं फिरली. दोमितिला अंडी-बटाटे भरून कवचातच भाजलेलं कासव घेऊन आली.

"काका, तुम्ही उपाशी राहून ते परत येणार आहे का? खा मुकाट्याने."

"हे कुठलं गं?" अन्सेल्मोने घाबरत विचारलं.

"दारावर विकायला आलं होतं. आधी पट्टा बघितला, नव्हता, मगच घेतलं. एवढी बेअक्कल नाही मी!"

त्याचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांचा उपाशी माणूस, कवच खरवडून खरवडून जेवला. कडेला चिकटलेलं करपलेलं सारण नखाने काढलं, तर खाली एक भोक निघालं. लहानपणी युरिमाने दोरी ओवायला पाडलेलं. लाल पट्टा कुठल्या हरामखोराने घासून काढला, देव जाणे.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, सापडलं का हो?"

अन्सेल्मोने तोंड पुसलं.

"सापडलं गं," तो म्हणाला. "घरातच आहे."