हॅना गुहेच्या तोंडाशी

साल सुटत नव्हती. काजूगराच्या आतल्या बाकात, कागदाहून पातळ अशा तांबूस सालीचा एवढासा तुकडा असा काही चिकटून बसला होता की चाकूचं टोक लावावं तर गर दुभंगणार आणि तसाच सोडावा तर कारखान्यातल्या पुढच्या टेबलावरून परत येणार... आणि नम्रता तो गर तळहातावर घेऊन मघापासून नुसती बघत बसली होती. नाही म्हणायचं, तिने पुन्हा मनाशी घोकलं. संध्याकाळी भावजींसमोर उभं राहायचं आणि सरळ नाही म्हणायचं. त्यात घाबरायचं काय? ते काय खाणार आहेत मला?

तिचे दीर, जयराम भावजी, कुणाला खाणाऱ्यातले नव्हतेच, हीच तर पंचाईत होती. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस. ओरडले असते तर उलट ओरडता आलं असतं. सकाळी ओटीवर चहाचा कप खाली ठेवून, तिच्याकडे न बघता ते म्हणाले होते, "नम्रता, सांजेक काय ता सांग गो. बारा वर्सां झाली. भटजींका सर्वपित्रीच्या आदी कळवचा लागतला."

बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-बारावं उरकायचं, आणि मग पितृपक्षात त्याच्या नावाने म्हाळ घालायला मोकळं. पानांचा माणूस! तिचा नवरा दत्तप्रसाद साडेपाच फूट होता, चालताना डावा खांदा किंचित खाली टाकायचा, झोपेत दात खायचा... हे सगळं भटजी पानांतून कसं काय बांधणार होते, कोण जाणे. आणि समजा, बांधलं आणि जाळलं, आणि चार महिन्यांनी तो अंगणात येऊन उभा राहिला, तर? जिवंत माणसाला आपल्या हाताने अग्नी दिलेली बाई म्हणून त्याला पाणी कुठल्या तोंडाने द्यायचं?

पण दुसऱ्या बाजूला माई होत्या. सासू. ब्याऐंशी वर्षांच्या. त्या भांडत नव्हत्या, रडत नव्हत्या. फक्त दर वर्षी म्हाळाच्या दिवशी, सासऱ्यांचं पान वाढून झालं की चुलीकडे बघत एकच वाक्य बोलायच्या, "माज्या प्रसादाक भूक लागली असतली." एवढंच. तो गेला असेल तर बारा वर्षं उपाशी आहे, आणि त्याला उपाशी ठेवणारी मी. असेल तर, नसेल तर — या दोन काठांवर पाय ठेवून बारा वर्षं उभं राहायचं म्हणजे कंबरडं मोडणारच की.

त्या दिवशी तो गोव्यातल्या कारखान्यातून सुटून घरी यायला निघाला होता. मोटरसायकल आरोंद्याच्या खाडीकाठी धक्क्यावर सापडली. चावी तशीच, हँडलला डब्याची पिशवी. खाडीत दोन दिवस होड्या फिरल्या, काही मिळालं नाही. कुणी म्हणालं, बुडाला. कुणी म्हणालं, मडगावच्या स्टेशनवर दिसला होता, दाढी वाढलेला. आणि डबा धुतलेला होता. हे तिने पोलिसांना सांगितलं नव्हतं, भावजींनासुद्धा नाही. दुपारी जेवून, विसळून, झाकण घट्ट लावून ठेवलेला डबा. जीव द्यायला निघालेला माणूस डबा धुतो? घर सोडून जाणारा माणूस धुतलेला डबा बायकोसाठी मागे ठेवतो? का पाय घसरला, इतकंच? बारा वर्षांत तिने तो डबा इतक्या वेळा उलटासुलटा केला होता, की पुस्तकातल्या हॅनाने तिची खापरंसुद्धा तितकी केली नसतील.

हॅना! नम्रताने गर टोपलीत टाकला. चिकटलेल्या सालीसकट.

हॅना म्हणजे तालुक्याच्या वाचनालयातून आणलेल्या, निळ्या पुठ्ठ्याच्या एका जाडजूड भाषांतरित पुस्तकातली उत्खनन करणारी बाई. तिचे वडील पाद्री. येशूच्या पहिल्या अनुयायांनी पेटवलेला मातीचा एक दिवा शोधायला वाळवंटात गेले आणि तीस वर्षांपूर्वी नाहीसे झाले. हॅना त्यांच्या मागावर, आणि हॅनाच्या मागावर बंदुका घेतलेले लोक. दुपारी दोन ते तीन नम्रता हे कारखान्यात मोठ्याने वाचायची. मोबाइलवर गाणी लावली की बायकांचे हात मंदावतात आणि गोष्ट लावली की चालतात, हा मालक भाईंचा शोध. पितृपक्षात ख्रिस्तावांची गोष्ट कशाला, असं बाजारात कुणी तरी त्यांना हटकलं, तेव्हा भाईंनी विचारलं होतं म्हणे, की काजू खंयसून इलो? तोय पाद्र्यांच्या मुलखातल्यांनीच आणलो मां? मग काजू सोडतंस? त्यावर पुढे कुणी बोललं नाही.

वाचणारीचे हात अडकलेले, म्हणून तिचं वजन भरून काढायला प्रत्येकीने आपल्या ताटातली एक मूठ निवडलेले अख्खे गर तिच्या ताटात टाकायचे, अशी पद्धत आपोआप पडली होती. तोंडाने कुणी काही म्हणो, पुस्तक कसं चाललंय ते नम्रताला मुठींवरून कळायचं. हॅना विमानातून उडी मारते त्या दिवशी संचिताने दोन मुठी टाकल्या. ती विशीतली, तिला उड्या हव्याच होत्या. शेवंतीला पटत नव्हतं. ही माणसं अडीचशे पानं धावतायत, जेवतात कधी, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा आक्षेप. आणि बाप सापडत नाही तोवर दिव्याचं कौतुक तिला नको होतं. नाराज असली की ती मुठीत तुकडे मिसळायची. कार्मेलीनची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्या धर्माची गोष्ट म्हणून सुरुवातीला ती सावरून बसली होती, येशूचं नाव आलं की कपाळाला बोट लावायची. पण पुस्तकातल्या दुसऱ्याच एका पाद्र्याने पिस्तूल काढलं त्या दिवशी तिची मूठ आलीच नाही. देव काय खणून काढायचो आसता? एवढंच ती नंतर पुटपुटली.

आणि गेले चार दिवस सगळ्यांच्याच मुठी आटल्या होत्या. कारण गेले चार दिवस हॅना गुहेच्या तोंडाशी उभी होती. तोंडावरचा धोंडा बाजूला लोटलेला, आत काळोख, आणि ही बाई आत जाईचना! कधी वादळ येत होतं, कधी विंचू निघत होता, काल तर मागून एक उंट पळून गेला आणि तो पकडण्यात तासभर मोडला. हे काही पुस्तकात नव्हतं. पुस्तकात हॅना लगेच आत जात होती. नम्रताने शेवटचं प्रकरण गेल्या रविवारीच घरी वाचून ठेवलं होतं, आणि पुस्तक मिटून ती तशीच बसून राहिली होती, चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत. मग सोमवारी दुपारी त्या पानाशी आली आणि जीभ आपोआप वादळाकडे वळली... खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं मी. फक्त आजचा दिवस, असं म्हणत चार झाले.

जेवणाच्या सुट्टीत कार्मेलीन शेजारी येऊन बसली. तिने डबा उघडला नाही.

"चार दिस झाले गो," ती हळूच म्हणाली, "तू पान परतूक नाय."

ती रोज नम्रताच्या डाव्या हाताला बसायची, आणि तिला वाचता येत होतं. कसं लक्षात आलं नाही आपल्या? नम्रताचे कान तापले.  कार्मेलीनने रागावायला हवं होतं, ती रागावली नव्हती. आत हाडां आसत मां, तिने विचारलं. नम्रताने मान हलवली.

मग कार्मेलीन आपल्या भावाविषयी बोलली. तो बोटीवर होता, परत आला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पुढचं नव्हतं. "आंतोनाचा थडगा नाय," ती म्हणाली. "दोन नोव्हेंबराक सगळे आपापल्या थडग्यार मेणबत्ती लावतत. मी मधल्या मोठ्या खुरसाकडे लावतंय. मेलो म्हणान नाय गो... आमचो म्हणान."

आणि उठून हात धुवायला गेली.

नम्रता तिथेच बसली. मेलो म्हणान नाय, आमचो म्हणान. म्हणायला सोपं आहे. क्रुसापुढच्या मेणबत्तीला कुणी विचारत नाही की कुणासाठी जळतेस, गेलेल्यासाठी का असलेल्यासाठी. आमच्यात आधी दाखला लागतो. पण मग तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग बरा वाटला, अंगात बळ आल्यासारखा. चार दिवस एका परक्या मुलखातल्या बाईला उन्हात उभं करून ठेवलंय तू, नम्रता. तिचा बाप तिला भेटू देत नाहीस. तुला संध्याकाळी नाही म्हणायचंय ना, मग म्हण. पण निदान हिला तरी आत जाऊ दे!

दोन वाजता तिने पुस्तक उघडलं आणि वाचायच्या आधी मान वर केली.

"गेले चार दिस मी सांगलंय ता पुस्तकात नाय," ती म्हणाली. "आज आसा ता वाचतंय."

संचिता फसकन हसली, उंटसुद्धा खोटा होता का म्हणाली.  नम्रताने पान उलटलं.

हॅना आत गेली. आत वादळ नव्हतं, विंचू नव्हता, कुणी बंदूकवालाही नव्हता. भिंतीला टेकून बसलेला हाडांचा माणूस होता, त्याच्या मांडीवर मातीचा दिवा, आणि बाजूला चष्मा, घडी करून ठेवलेला. नम्रताचा आवाज त्या चष्म्याशी अडखळला. घडी करून ठेवलेला चष्मा... धुतलेला डबा... पण ती थांबली नाही. हॅनाने दिवा उचलला नाही. तिने बापाचा चष्मा उचलला, प्रार्थना म्हटली, आणि बाहेर येऊन धोंडा पुन्हा लावून घेतला. तीस वर्षं मी तुमची वाट पाहिली, असं ती म्हणाली नाही. उशीर झाला मला, असं म्हणाली. पुस्तक संपलं.

कुणी तरी नाक ओढलं. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. संचिताला शेवट अगदीच पुचाट वाटला, एवढं धावून दिवा तिथेच टाकायचा म्हणजे काय! कार्मेलीन म्हणाली, आताच कुठे पुस्तक बरं झालं. मागच्या रांगेतली एक म्हणाली, बापूस गावलो ता महत्त्वाचा, पोरगी सुटली. त्यावर शेवंती खवळली. हाडं सापडली म्हणजे बाप सापडला का, तीस वर्षं आशेवर काढली त्या पोरीने आणि शेवटी लिहिणाऱ्याने ओंजळीत काय घातलं, तर हाडं! वाद चांगलाच पेटला, हात मात्र चालूच होते, आणि त्या गलक्यातच शेवंती नम्रताकडे वळली. आवाज मऊ होता. ती चिडवत नव्हती, तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"चार दिस तू तुज्या मनाचाच सांगलंस मां?" तिने विचारलं. "मगे बापाशीक जितो कित्याक नाय केलंस?"



खरंच की. कोण अडवणार होतं? वादळ आणलं, विंचू आणला, नसलेला उंट आणला आणि पळवलाही. मग गुहेतून एका म्हाताऱ्याची हाक आणायला काय लागणार होतं? एक वाक्य. हॅना, आलीस का गं? बायकांनी मुठींवर मुठी टाकल्या असत्या. शेवंतीने अख्खं ताट ओतलं असतं. चार दिवस, रोजचा एक तास, जीभ माझी, गोष्ट माझ्या हातात... आणि ते एक वाक्य मनातसुद्धा आलं नाही. तिला मी आत जाऊ दिलं नाही, कारण आत काय आहे ते मला ठाऊक होतं. पुस्तक वाचलं होतं म्हणून? का त्याच्याही आधीपासून?

"सुचाक नाय," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, म्हणूनच इतकं भयंकर होतं.

 शेवंतीने पुढे होऊन नम्रताच्या ताटात मूठ रिकामी केली. सगळे अख्खे होते, एकही तुकडा नाही. मग कार्मेलीनची मूठ आली, मग मागच्या रांगेतल्या.

नम्रताने टोपलीतून सकाळचा तो गर शोधून काढला. साल अजून तशीच होती. तिने तो तळहातावर घेतला आणि या खेपेला चाकू न लावता अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली. दुभंगला तर दुभंगू दे. संध्याकाळी ओटीवर भावजी असतील, आत चुलीकडे बघत माई असतील. सकाळी घोकलेलं 'नाही' तिने मनात चाचपून पाहिलं. शब्द जागेवर होता, फक्त तो कुणाला ऐकवायचा होता ते आता पहिल्यासारखं ठाऊक नव्हतं. भावजींशी बोलायच्या आधी माईंजवळ बसून एक गोष्ट सांगायला हवी होती, बारा वर्षांत कुणालाच न सांगितलेली. की तुमचा प्रसाद त्या दुपारी जेवला होता, माई. डबा रिकामा होता. तो उपाशी गेला नाही.

गेला. तिने तो शब्द मनात म्हणून टाकला होता, आणि अंगठा अजून सालीवर फिरत होता.